सहीसाठी थांबलेल्या

पीएच.डी. करणाऱ्या मुलींची संख्या वाढते आहे, ही बातमी आता नेमाने येते. केंद्र सरकारच्या उच्च शिक्षण पाहणीप्रमाणे २०१४-१५ साली देशात पीएच.डी.ला नोंदणी असलेल्या स्त्रिया सुमारे ४८ हजार होत्या. २०२१-२२ साली त्या ९९ हजारांच्या आसपास पोचल्या. त्या वर्षी एकूण संशोधक विद्यार्थी होते सुमारे २ लाख १२ हजार. म्हणजे निम्म्याला थोड्याच कमी. या आकड्याचा मला मनापासून आनंद आहे. आमच्या वेळी विभागात संशोधन करणारी बाई म्हणजे एक तर कुणा प्राध्यापकाची बायको, नाही तर लग्न न जमलेली, अशी दोनच खाती लोकांनी ठेवली होती.

पण हा आकडा दारात उभं राहून मोजलेला आहे. आत गेलेल्या मुलीचं पुढे काय होतं, तिचं काम कोण पुढे सरकवतं, कोण अडवून ठेवतं आणि अडवलं तर तिनं कुणाकडे जायचं, याची मोजदाद कुणी करत नाही. महाराष्ट्रातल्या एका विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयात मी तीसएक वर्षं शिकवलं, त्यातली बारा वर्षं पीएच.डी.ची मार्गदर्शक होते आणि पाच वर्षं माझ्या विषयाच्या संशोधन मान्यता समितीवर बसले. पदव्युत्तर विभाग आणि संशोधन केंद्रं आतून कशी चालतात ते मी टेबलाच्या दोन्ही बाजूंनी पाहिलं आहे. म्हणून हा प्रश्न आपल्या चळवळीनं हाताळायला हवा, असं मला आता फार वाटू लागलं आहे. लैंगिक छळाविरुद्ध आपण बोललो, वसतिगृहाच्या वेळांवर बोललो, अभ्यासक्रमात स्त्रिया कुठे आहेत ते विचारलं. विद्यापीठाचा कारभार कोण चालवतो, हा विषय मात्र आपण ‘प्राध्यापकांचं राजकारण’ म्हणून सोडून दिला.

ज्यांचा विद्यापीठाशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडं सविस्तर सांगते. मुलगी प्रवेश परीक्षा देते, मुलाखत होते, तिला मार्गदर्शक मिळतो. मग विषयाला समितीची मान्यता, अभ्यासक्रमाचे पेपर, दर सहा महिन्यांनी प्रगती अहवाल, शेवटी प्रबंध सादर करण्याआधीचं सादरीकरण, बहिःस्थ परीक्षक, मौखिक परीक्षा. या प्रत्येक ठिकाणी मार्गदर्शकाची सही लागते. शिष्यवृत्ती मिळत असेल तर तिच्या कागदांवरही लागते. २०२३ पासून राष्ट्रीय कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती महिना ३७ हजार रुपये झाली. घरभाडं, खानावळ आणि गावाकडे पाठवायचे पैसे त्यातूनच निघतात. ‘काम समाधानकारक आहे’ हे एक वाक्य सरांनी लिहिलं नाही की सगळंच अडतं.

एका माणसाच्या हाती इतकी सत्ता असली तर तिच्यावर कुणाची तरी नजर हवी. कागदावर ती आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१६ च्या आणि नंतर २०२२ च्या पीएच.डी. नियमांप्रमाणे प्रत्येक संशोधक विद्यार्थ्यासाठी एक संशोधन सल्लागार समिती असते. विद्यार्थ्यानं ठरावीक काळानं तिच्यापुढे कामाची माहिती मांडायची. प्रगती असमाधानकारक वाटली तर समिती सुधारणा सुचवते आणि त्या झाल्या नाहीत तर नोंदणी रद्द करण्याची शिफारस करू शकते. या समितीचा निमंत्रक कोण? नियमात स्पष्ट लिहिलं आहे, निमंत्रक मार्गदर्शकच.

हे वाचून मी पहिल्यांदा थबकले होते ते समितीवर असताना. नवऱ्याविरुद्धचं गाऱ्हाणं नवऱ्यानंच बोलावलेल्या बैठकीत, त्याच्याच अध्यक्षतेखाली मांडायला सांगावं, तसा हा प्रकार आहे. नियम करणाऱ्यांच्या मनात वाईट हेतू होता असं मी म्हणत नाही. मार्गदर्शक आणि विद्यार्थी यांचं नातं गुरुशिष्याचं, त्यात तक्रार कशी असेल, असं त्यांनी गृहीत धरलं. आपल्याकडे कुटुंबाबद्दलही लोक नेमकं हेच गृहीत धरतात.

एकट्या माणसाच्या मर्जीवर संशोधनाचं दार उघडतं-मिटतं तेव्हा काय होतं याची आपल्याकडची एक जुनी गोष्ट आहे. १९३३ साली मुंबई विद्यापीठाची पदवी पहिल्या क्रमांकानं मिळवून कमला भागवत बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये प्रवेश मागायला गेल्या. संचालक होते नोबेलविजेते सी. व्ही. रामन. बाई म्हणून त्यांनी प्रवेश नाकारला. कमलाबाई हटल्या नाहीत, तेव्हा अटींवर घेतलं. पहिलं वर्ष नियमित विद्यार्थिनी मानणार नाही, मार्गदर्शक सांगेल तेव्हा रात्रीसुद्धा काम करावं लागेल, आणि प्रयोगशाळेतलं वातावरण बिघडवायचं नाही. या शेवटच्या अटीत किती काय भरलेलं आहे ते मैत्रिणींना वेगळं सांगायला नको. १९३६ साली त्यांनी तिथली पदवी मिळवली आणि १९३९ साली केंब्रिजची पीएच.डी. विज्ञानात ती मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्री. लग्नानंतरचं त्यांचं नाव कमला सोहोनी.

ही गोष्ट आपण नेहमी एका जिद्दी मुलीची गोष्ट म्हणून सांगतो. शाळांच्या भाषणांत ती चांगली शोभते. मला मात्र ती वाचताना दर वेळी असं वाटतं की तिनं दाद मागावी असं त्या संस्थेत एकही ठिकाण नव्हतं. संचालकांचा शब्द शेवटचा. जिद्द असलेली आणि घरचा पाठिंबा असलेली एक आत गेली. दारातून परत फिरलेल्या किती असतील त्यांची नावं आपल्याला कधीच कळणार नाहीत.

आज अशा अटी कुणी कागदावर घालत नाही. तोंडी घालतात. मुलाखतीत ‘लग्न ठरलंय का?’ हे मी स्वतः चार वेळा तरी ऐकलं आहे. दर वेळी हसत हसत, ‘अहो, सहज विचारलं’ असं म्हणत. मुलाला तो प्रश्न विचारलेला मी ऐकलेला नाही. मी त्यावर हरकत घेतली तेव्हा अध्यक्ष म्हणाले, “मॅडम, तिच्याच भल्यासाठी विचारतोय. मध्येच सोडलं तर आपली जागा फुकट जाते.” जागा खरोखर मोजक्याच असतात. नियमाप्रमाणे प्राध्यापकाकडे एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा आणि सहायक प्राध्यापकाकडे चार विद्यार्थी. पण ‘आपली जागा’ हा शब्द मला खुपला. जागा विद्यापीठाची, पैसा सरकारचा, काम त्या मुलीचं.

माझी स्वतःची नोंदणी १९९२ ची. मार्गदर्शक विद्वान होते, याबद्दल दुमत नाही. माझं तिसरं प्रकरण त्यांच्याकडे चौदा महिने पडून होतं. मी दर महिन्याला एसटीनं साडेतीन तासांचा प्रवास करून जायची, कधी भेट व्हायची, कधी नाही. त्याच काळात त्यांच्याच एका विद्यार्थ्याचा प्रबंध पूर्ण झाला, कारण त्याला प्राचार्यपदासाठी पीएच.डी. लागत होती आणि ‘त्याला संसार आहे’. मला मूल झालं तेव्हा बाळंतपणाच्या रजेची सोय संशोधक विद्यार्थिनीला आमच्याकडे नव्हतीच. प्रगती अहवालात मी ‘प्रकृतीच्या कारणास्तव’ असं लिहिलं. आपलं बाळंतपण आजारपण म्हणून लिहिणारी मी काही एकटी नव्हते. विद्यापीठात विचारायचं कुणाला, तर कारकून म्हणाला, “सरांनाच विचारा.”

आता ती सोय आहे, आणि ती स्त्रियांच्या चळवळीनं, विद्यार्थिनींनी मागून मिळवलेली आहे, हे विसरता कामा नये. २०१६ च्या नियमांपासून संशोधक विद्यार्थिनीला पूर्ण काळात एकदा २४० दिवसांपर्यंत बाळंतपणाची किंवा बालसंगोपनाची रजा मिळू शकते. कमाल मुदतीतही स्त्रियांना दोन वर्षं वाढीव मिळतात. २०२२ च्या नियमांनी ते कायम ठेवलं. लग्नामुळे किंवा अन्य कारणानं गाव सोडावं लागलं तर संशोधनाचं साहित्य दुसऱ्या विद्यापीठात नेण्याची मुभाही आहे. (दुसऱ्या गावी मार्गदर्शकाकडे जागा रिकामी असेल तर. ती नसली तर ती मुभा घेऊन बसायचं घरी.)

मात्र हे हक्क वापरायला गेलं की ते सवलती होऊन जातात. रजेचा अर्ज जातो कुणामार्फत? मार्गदर्शकामार्फत. तो म्हणतो, “घ्या ना, पण मग प्रबंधाचं मी काही सांगू शकत नाही.” नियम मोडलेला नाही, आणि तरीही मुलगी रजा न घेता सातव्या महिन्यात वाचनालयाच्या पायऱ्या चढते. वाढीव दोन वर्षांचं तर मी डोळ्यांनी पाहिलं आहे. एका केंद्रात दोन प्रबंध तपासायला आलेले, एक मुलाचा, एक मुलीचा. मुलाचा आधी घेतला, कारण “तिला अजून दोन वर्षं आहेत.” जी मुदत तिच्या अडचणीसाठी दिली ती तिलाच मागच्या रांगेत उभं करायला वापरली गेली. रजेचा कायदा आपण मिळवला, पण तो चालवणारी खुर्ची तशीच राहिली.

म्हणून खुर्च्यांकडे बघू. १९९४ चा महाराष्ट्र विद्यापीठ कायदा जाऊन २०१७ च्या मार्चपासून २०१६ चा सार्वजनिक विद्यापीठ कायदा लागू झाला. या कायद्यात अधिसभेवर नोंदणीकृत पदवीधरांचे दहा प्रतिनिधी निवडून येतात. त्यांतल्या पाच जागा राखीव. अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, विमुक्त-भटक्या जमाती, इतर मागासवर्ग यांना एकेक आणि स्त्रियांना एक. दहात एक. ज्या पदवीधरांमध्ये निम्म्या स्त्रिया आहेत त्यांची प्रतिनिधी दहात एक. खुल्या जागेवर बाई उभी राहू शकते, पण पॅनेल करणारे तिला सांगतात, “ताई, तुमची जागा आहे ना वेगळी.” स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये आपण ३३ टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर आलो. ग्रामपंचायतीला जे कळलं ते विद्यापीठाला कळायला किती वर्षं लागावीत?

या निवडणुका कशा होतात तेही सांगायला हवं. शिक्षकांची पॅनेलं असतात, त्यांच्यामागे संघटना, संघटनांमागे संस्थाचालक. प्रचार म्हणजे रात्री-अपरात्री जीपनं पाच-सात तालुके फिरणं, धाब्यावर जेवणं, कुणाच्या तरी फार्महाउसवर बैठक. माझ्या एका सहकारी मैत्रिणीला अभ्यासमंडळासाठी उभं राहायचं होतं. तिला सांगितलं गेलं की नाव टाका, फिरायचं आम्ही बघतो, मत कुठे द्यायचं तेवढं नंतर आमचं ऐका. तिनं नाव मागे घेतलं. मग हेच लोक म्हणतात, बायका पुढे येत नाहीत.

अधिष्ठाता हा विद्याशाखेचा प्रमुख. १९९४ च्या कायद्यात तो विद्याशाखेच्या सभासदांमधून निवडून यायचा. नव्या कायद्यानं विद्याशाखा चारच केल्या आणि अधिष्ठाता पूर्णवेळ, पगारी आणि नेमलेला केला. जुनी निवडणूक स्वच्छ होती असं मी मुळीच म्हणणार नाही, तिच्यातले सौदे मी जवळून पाहिलेत. पण मतासाठी का होईना, तेव्हाचा अधिष्ठाता आमच्यासारख्या लांबच्या महाविद्यालयात यायचा आणि त्याला चार प्रश्न विचारता यायचे. नेमलेला माणूस वर बघतो. त्याला खाली बघायची गरज पडत नाही. हा बदल झाला तेव्हा वर्तमानपत्रांत ‘राजकारण संपलं’ असं कौतुक झालं. राजकारण एका दालनातून दुसऱ्या दालनात गेलं इतकंच.

शिक्षक नेमणाऱ्या निवड समित्यांची गंमत आणखी वेगळी. आयोगाच्या नियमाप्रमाणे अनुसूचित जाती, जमाती, इतर मागासवर्ग, अल्पसंख्याक, स्त्री किंवा अपंग यांच्यापैकी कुणी उमेदवार असेल आणि समितीत त्या गटाचं कुणी नसेल, तर त्यांचा एक प्रतिनिधी कुलगुरूंनी नेमायचा. अर्ध्याहून कितीतरी अधिक समाज एका खुर्चीवर बसवला. मी अशा समितीवर ‘महिला प्रतिनिधी’ म्हणून दोनदा गेले आहे. माझी विषयतज्ज्ञ म्हणून काही ओळख आहे हे तिथे कुणाच्या ध्यानात नव्हतं. चहा आला की कप माझ्याकडे सरकवले जायचे, वाटण्यासाठी.

आणि ज्या बायका आज सर्वांत जास्त शिकवतात त्यांना तर खुर्चीच नाही. तासिका तत्त्वावर नेमलेल्या शिक्षिका. कायद्यातला ‘शिक्षक’ म्हणजे पूर्णवेळ, मान्यताप्राप्त. त्यामुळे या बायका वर्षानुवर्षं एम.ए.चे वर्ग घेतात, पेपर तपासतात, आणि त्यांना अभ्यासमंडळाच्या मतदार यादीत नाव नाही, पीएच.डी.चं मार्गदर्शन नाही, उन्हाळ्यात पगार नाही. त्यांच्यातल्या कित्येक स्वतः पीएच.डी. आहेत. पदव्युत्तर विभागाच्या कारभारावर बोलताना प्राध्यापक संघटना यांच्याविषयी एक ठराव करतात आणि पुढच्या विषयाकडे वळतात.

याला एक उत्तर असं दिलं जातं की वरच्या जागी बाई आली की सगळं बदलेल. थोडं बदलतं, हे खरं. मुंबई विद्यापीठात मेहरू बेंगाली आणि नंतर १९९५ ते २००० या काळात स्नेहलता देशमुख कुलगुरू होत्या. विद्यार्थ्यांच्या प्रमाणपत्रावर आईचं नाव आणण्याचं श्रेय स्नेहलताबाईंना दिलं जातं. सरकारी कागदपत्रांवर ते सक्तीचं व्हायला २०२४ उजाडावं लागलं. तेव्हा बाई खुर्चीवर असण्याला अर्थ नाही असं कुणी म्हणू नये.

पण बाई बाईला दाबत नाही, हे मी लिहिणार नाही, कारण ते खोटं आहे. मुंबईच्या नायर रुग्णालयात पदव्युत्तर शिक्षण घेणारी आदिवासी डॉक्टर पायल तडवी हिनं मे २०१९ मध्ये आत्महत्या केली. जातिवाचक छळाचा गुन्हा ज्यांच्यावर दाखल झाला त्या तिघी वरिष्ठ डॉक्टर स्त्रियाच आहेत. तीन वर्षं आधी, जानेवारी २०१६ मध्ये, हैदराबाद विद्यापीठातला संशोधक विद्यार्थी रोहित वेमुला गेला. त्याचीही शिष्यवृत्ती थांबलेली होती. २०१९ साली पायलची आई आणि रोहितची आई, दोघींनी मिळून सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. विद्यापीठांच्या कारभाराविषयी त्या दोन बायांनी विचारलेले प्रश्न कुठल्याही विद्यापरिषदेच्या इतिवृत्तात मला सापडले नाहीत. जात आणि बाईपण या दोन्ही गोष्टी सोसणाऱ्या मुलीला ‘महिला प्रतिनिधी’ नावाच्या एका सवर्ण बाईकडे पाठवून आपण मोकळ्या होणार असू तर आपण काहीच शिकलो नाही.

मग काय हवं? माझ्या मते नेमलेल्या माणसांपेक्षा निवडलेली माणसं हवीत, आणि ती निवड ज्यांना सोसावं लागतं त्यांनी करायला हवी. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात १९९९ साली लैंगिक छळाविरुद्धची समिती स्थापन झाली. विशाखा निकाल १९९७ चा, त्यानंतरची ही गोष्ट. तिच्यात विद्यार्थी, शिक्षक, कर्मचारी यांचे निवडून आलेले प्रतिनिधी असत. २०१७ च्या सप्टेंबरमध्ये ती बरखास्त करून तिच्या जागी अंतर्गत तक्रार समिती आणली गेली. तिथल्या विद्यार्थिनींनी आणि शिक्षिकांनी त्याविरुद्ध आंदोलन केलं, कारण नाव बदललं तरी चालेल, निवडणूक गेली तर विश्वास जातो, हे त्यांना अनुभवानं माहीत होतं.

गंमत अशी की याच बाबतीत आयोगाचे २०१५ चे नियम एक शहाणपणाची गोष्ट सांगतात. तक्रारीत विद्यार्थी गुंतलेले असतील तर समितीवर तीन विद्यार्थी लोकशाही पद्धतीनं निवडून घ्यावेत, आणि कुलगुरू, कुलसचिव, अधिष्ठाता, विभागप्रमुख अशा पदांवरच्या व्यक्ती समितीवर नसाव्यात. म्हणजे ज्याच्या हाती कारभार आहे त्यानं तक्रार ऐकू नये, हे तत्त्व एका ठिकाणी मान्य आहे. मग संशोधनाच्या बाबतीत ते का लागू नये? तिथे मार्गदर्शकच निमंत्रक का? २०२३ च्या विद्यार्थी तक्रार निवारण नियमांत तर विद्यार्थी प्रतिनिधी गुणवत्तेवरून नेमायचा आणि तोही फक्त विशेष निमंत्रित. ज्याच्या सहीवर त्याची गुणवत्ता ठरते त्याच्यासमोर तो निमंत्रित काय बोलणार?

आकडे बोलतात, पण ते आपण गोळा केले तर. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचं उदाहरण मी विद्यार्थिनींना नेहमी सांगते. तिथे नॅन्सी हॉपकिन्स या जीवशास्त्राच्या प्राध्यापिकेला प्रयोगासाठी थोडी जास्त जागा हवी होती आणि ती मिळेना. पुरुष सहकाऱ्यांपेक्षा आपल्याकडे जागा कमी आहे असं सांगून कुणी ऐकेना. तिनं मोजपट्टी घेतली आणि रात्री प्रयोगशाळा मोजल्या. १९९४ साली त्या विज्ञान शाखेत कायम झालेल्या प्राध्यापिका होत्या १५ आणि पुरुष १९४. त्या पंधराजणींपैकी बहुतेक एकत्र आल्या, अधिष्ठात्याकडे गेल्या आणि १९९५ साली चौकशी समिती बसवून घेतली. त्या समितीत त्या स्वतः होत्या. १९९९ साली अहवाल जाहीर झाला आणि संस्थेच्या अध्यक्षांना तो मान्य करावा लागला. तिथलं सगळं इथे चालणार नाही, त्यांच्याकडे कायम नोकरीचं संरक्षण होतं आणि आपल्या मुलींकडे शिष्यवृत्तीसुद्धा वेळेवर येत नाही. पण मोजपट्टी आपल्याकडेही आहे.

मी समितीवर असताना एक छोटी गोष्ट करून पाहिली. प्रत्येक प्रगती अहवालावर दोन तारखा लिहायला सांगितल्या, विद्यार्थ्यानं प्रकरण दिलं ती आणि मार्गदर्शकानं तपासून परत दिलं ती. नियमात नव्हतं, नुसती विनंती. दोन सत्रं हे चाललं. त्यातून एवढं दिसलं की काही जण पंधरा दिवसांत परत देतात आणि काही जणांकडे वर्ष वर्ष कागद पडून राहतो, आणि पडून राहिलेले कागद बहुतांशी मुलींचे. तिसऱ्या सत्रात ‘अनावश्यक रकाना’ म्हणून तो अर्जातून काढला गेला. काढायचा ठराव कुणी मांडला त्याची नोंद इतिवृत्तात आहे, इच्छा असेल त्यांनी माहितीच्या अधिकारात मागवावी.

तो रकाना परत यायला हवा, आणि या वेळी नियम म्हणून. सल्लागार समितीचा निमंत्रक मार्गदर्शक सोडून दुसरा कुणी असावा. मार्गदर्शक बदलायचा तर त्याच मार्गदर्शकाचं ना हरकत पत्र आणा, ही आमच्याकडची पद्धत ताबडतोब बंद व्हावी. रजेचा अर्ज सरळ कुलसचिवांकडे जावा, मार्गदर्शकाला फक्त कळवावं. संशोधन मान्यता समितीवर संशोधक विद्यार्थ्यांनी निवडलेले किमान दोन प्रतिनिधी असावेत, त्यांतली एक विद्यार्थिनी, आणि त्या दोन जागा दलित, आदिवासी, भटक्या समाजातल्या मुलामुलींना आळीपाळीनं मिळाव्यात. विषयाची गुणवत्ता ठरवायला विद्यार्थी कशाला, असं लगेच विचारलं जाईल. त्यांनी गुणवत्ता ठरवू नये, पण कुणाचा कागद किती दिवस पडला आहे आणि मुलाखतीत काय विचारलं गेलं ते त्यांनी बघावं. यासाठी विद्वत्ता लागत नाही, तिथे हजर असावं लागतं.

यातल्या बऱ्याच गोष्टींना कायदा बदलायची गरज नाही, विद्यापीठाच्या विद्यापरिषदेनं ठराव केला तरी पुरतं. माझ्या माहितीतल्या दोन-तीन सभासद तसा ठराव मांडायला तयार आहेत, पण त्यांना एका विद्यापीठाचा अनुभव पुरेसा वाटत नाही. म्हणून ज्या मैत्रिणी पीएच.डी. करत आहेत, करून बाहेर पडल्या आहेत किंवा मध्येच सोडून घरी आल्या आहेत, त्यांनी चारच गोष्टी लिहून पाठवाव्यात. तुमच्या विषयाच्या संशोधन मान्यता समितीत सभासद किती आणि त्यांत स्त्रिया किती. तुमचं एखादं प्रकरण मार्गदर्शकाकडे सर्वांत जास्त किती दिवस राहिलं. मुलाखतीत लग्नाबद्दल विचारलं का. रजा मागितली असेल तर कुणी, काय उत्तर दिलं. नाव लिहायची गरज नाही, विद्यापीठाचंही नको, विषय आणि वर्ष पुरे. पोस्टकार्डावर मावेल इतकंच आहे. पुढचा अंक छपाईला जाण्यापूर्वी आलं तर विद्यापरिषदेच्या पुढच्या बैठकीआधी हाती लागेल.